निहाली : सातपुड्याच्या पायथ्याची एकाकी भाषा

निहाली ही बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, सातपुड्याच्या पायथ्याच्या मोजक्या गावांत बोलली जाणारी भाषा आहे. भारतातील बहुतेक भाषा आर्य, द्राविडी, ऑस्ट्रोआशियाई किंवा तिबेटी-बर्मी यांपैकी कोणत्या ना कोणत्या कुळात बसतात. निहाली यांपैकी कशातच बसत नाही. अशा भाषेला भाषाशास्त्रात एकाकी भाषा म्हणतात. स्पेन आणि फ्रान्सच्या सीमेवरची बास्क, गिलगिटजवळच्या हुंझा खोऱ्यातील बुरुशास्की आणि नेपाळमधील कुसुंदा ही तिची प्रसिद्ध उदाहरणे. निहाली बोलणाऱ्यांची संख्या अभ्यासक २,००० ते २,५०० च्या आसपास धरतात. ती बोलणारा निहाल समाज लहान, जंगलावर आणि शेतमजुरीवर जगणारा आहे. त्याच्या शेजारचे सगळेच भाषासमूह त्याच्यापेक्षा कितीतरी मोठे आहेत.

प्रदेश आणि वस्ती

बुलढाणा जिल्ह्यातील १३ तालुक्यांची ‘घाटावरचे’ आणि ‘घाटाखालचे’ अशी विभागणी लोकांच्या बोलण्यात रुळलेली आहे. जिल्ह्याच्या पश्चिम बाजूला, मोताळा तालुक्यातील धामणगाव बढेच्या परिसरात अजिंठ्याची डोंगररांग, म्हणजेच हा घाट, सोबत असते. तिथून ईशान्येकडे निघाले की पूर्णेचे काळ्या मातीचे खोरे लागते. कापूस, ज्वारी, तूर आणि सोयाबीन ही या खोऱ्याची पिके. त्याच्या काही भागात खारपाणपट्टा आहे. खोरे संपते तिथे सातपुडा सुरू होतो. जळगाव जामोद आणि संग्रामपूर हे दोन तालुके या डोंगराला लागून आहेत. डोंगराच्या पलीकडे मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूर जिल्हा आणि तापीचे खोरे आहे.

निहाली भाषकांच्या वस्तीची गावे म्हणून जामोद, सोनबर्डी, कुवरदेव, चालठाणा, अंबावारा, वसाली आणि चिचारी यांची नावे भाषा-अभ्यासात येतात. सीमेपलीकडे बऱ्हाणपूर जिल्ह्यातील टेंबी या गावच्या परिसरातही ही भाषा नोंदवली गेली आहे. इतक्या लहान टापूतही ती एकसारखी नाही. कुवरदेव-चालठाण्याकडची निहाली आणि जामोद-सोनबर्डीकडची निहाली यांत फरक आढळतो. पहिली दोन गावे डोंगराच्या आत आहेत, तर जामोद हे सपाटीवरचे मोठे गाव आहे.

याच पट्ट्यात कोरकू, भिल्ल, भिलाला आणि बारेला-पावरा समाजही राहतात. पूर्वेकडे संग्रामपूर तालुक्यात अंबाबरवा अभयारण्य आहे. ते १९९७ साली जाहीर झाले आणि आज मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या व्यवस्थेचा भाग आहे. त्याच्याही पुढे अकोला जिल्ह्याची डोंगरकड आणि अमरावती जिल्ह्यातील मेळघाट लागतो. मेळघाट हा कोरकूंचा मोठा मुलूख आहे. निहालांचे जीवन आणि त्यांची भाषा समजून घ्यायची, तर कोरकूंना वगळून चालत नाही.

निहाल आणि कोरकू

सरकारी यादीत निहाल ही स्वतंत्र जमात नाही. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत ‘कोरकू’ या नोंदीखाली बोपची, मौआसी, निहाल, नहुल, बोंधी आणि बोंदेया ही नावे एकत्र येतात. त्यामुळे जमातींच्या आकडेवारीत निहाल कोरकूंमध्येच मोजले जातात. कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन समाजांना महाराष्ट्रात अतिमागास जमातींचा वेगळा दर्जा आहे. त्यांतही निहाल नाहीत.

गावगाड्यात मात्र निहाल आणि कोरकू यांच्यातला फरक नेहमीच पाळला गेला. कोरकूंकडे थोडीफार जमीन असे आणि निहाल त्यांच्याकडे राबत, गावची पडेल ती कामे करत. सामाजिक उतरंडीत त्यांची पायरी कोरकूंच्या खालची मानली जाई, आणि कोरकू त्यांच्याशी रोटीबेटी व्यवहार टाळत. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जातिजमातींवर १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ‘नहाल’ या नावाने या समाजाची नोंद आहे. त्यांनी नहालांना भिल्ल आणि कोरकू यांच्या मिश्रणातून बनलेली वनवासी जमात ठरवले. हा निष्कर्ष मुख्यतः राहणीमानावरून काढलेला होता. पुढे भाषेचा बारकाईने अभ्यास झाला तेव्हा तो पुरेसा नसल्याचे दिसले, कारण निहालीतील काही शब्दांचा उगम भिल्लीतही सापडत नाही आणि कोरकूतही नाही.

नावामुळे आणखी एक गोंधळ होतो. खानदेशाकडेही नहाल नावाचा समाज आहे आणि त्याची बोली आर्य कुळातील आहे. जुन्या कागदपत्रांत दोन्ही समाज एकाच नावाखाली आले, त्यामुळे ‘नहाली’ असे लिहिलेली प्रत्येक नोंद या भाषेची असेलच असे नाही.

इतिहासातील उल्लेख

मराठेशाहीच्या उत्तरकाळात आणि इंग्रजी अमलाच्या आरंभी निमाड, खानदेश आणि वऱ्हाडच्या डोंगराळ भागातील लुटालुटीसंबंधी जे लिहिले गेले, त्यात भिल्ल, कोळी आणि नहाल ही नावे जोडीने येतात. ही सगळी वर्णने महसूल आणि पोलिस कारभार पाहणाऱ्यांची आहेत, म्हणून ती त्याच नजरेने वाचावी लागतात. डोंगराळ वाटांवर हक्क सांगणारे, गावांकडून रखवालीचा मोबदला घेणारे आणि तो थांबला की छापा घालणारे अनेक गट तेव्हा सातपुड्यात होते. राज्यसत्ता बदलली की असे हक्क नाकारले जात आणि मग बंडाळी व बंदोबस्त यांचे चक्र सुरू होई.

वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. त्यानंतर जंगलांची मोजणी झाली, त्यांचे राखीव पट्टे ठरले आणि फिरती शेती, शिकार, लाकूडतोड यांवर निर्बंध आले. १८७८ आणि १९२७ च्या वन कायद्यांनी हे निर्बंध पक्के केले. ज्याच्या नावावर जमीन नव्हती त्याला त्यांची झळ सर्वांत जास्त बसली. निहाल त्यांपैकीच होते. जंगलातला मुक्त वावर आटला आणि दुसऱ्याच्या शेतावरची मजुरी वाढली.

जंगलातले वर्ष

निहालांच्या उपजीविकेचे वर्ष अजूनही बरेचसे झाडांच्या बहरावर चालते. फाल्गुन-चैत्रात मोहाची फुले पडू लागतात. पहाटे झाडाखाली जाऊन ती टोपलीत वेचायची आणि अंगणात वाळवायची, हे घरातल्या सगळ्यांचे काम. वाळलेला मोह खाण्यात येतो, विकला जातो आणि त्याची दारूही गाळली जाते. पुढे मोहाच्या बिया हाती येतात आणि त्यांचे तेल निघते. चारोळी, डिंक, आवळा आणि मध हा बाकीचा रानमेवा.

मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम येतो. विडीसाठी लागणारी ही पाने तोडायची, त्यांचे पुडे बांधायचे आणि ते फडावर मोजून द्यायचे, असा तो व्यवहार. १९६९ च्या महाराष्ट्र वनोपज व्यापार कायद्याने हा व्यापार सरकारी नियंत्रणात आणला. हंगाम थोड्या आठवड्यांचाच असतो, पण पावसाळ्याआधी रोख पैसा हातात येण्याची ती मोठी संधी असते.

बिब्बा हा या वनोपजांतला जोखमीचा जिन्नस. त्याचे तेल कातडीला लागले की फोड येतात, तरी औषधासाठी आणि खुणेसाठी त्याला मागणी असे. बी फोडून आत मिळणारी गोडंबी बाजारात चांगल्या भावाने जाते, ती फोडणाऱ्याचे हात मात्र भाजून निघतात. नहाल लोक बिब्ब्याचे तेल काढण्याचे काम करतात, अशी नोंद रसेल आणि हिरालाल यांनीही केली आहे.

पाऊस पडला की जंगलाकडून शेताकडे जावे लागते. ज्यांच्याकडे तुकडाभर जमीन आहे ते ज्वारी, मका, तूर पेरतात. बाकीचे सपाटीवरच्या शेतांत निंदणी-खुरपणीला, दिवाळीच्या सुमारास कापूस वेचायला आणि सोयाबीन काढायला जातात. काही कुटुंबे मजुरीसाठी लांबचा प्रवासही करतात. घरे बहुतेक बांबूच्या कुडाची, शेणामातीने लिंपलेली. अलीकडे विटांच्या भिंती आणि पत्रे आले आहेत.

२००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलजमीन कसणाऱ्यांना वैयक्तिक हक्क आणि गावाला गौण वनोपजावर सामूहिक हक्क मागता येतो. पिढ्यानपिढ्या भूमिहीन असलेल्या निहालांसाठी या दोन हक्कांपैकी सामूहिक हक्काला अधिक अर्थ आहे. जमीन कसल्याचा पुरावा नसला, तरी मोह, चारोळी आणि तेंदूवरचा वावर त्यांच्याकडे आहेच.

देव आणि सण

निहालांचे धार्मिक जीवन कोरकूंच्या आणि आसपासच्या हिंदू गावांच्या रीतींशी मिसळलेले आहे. कोरकू गावांत भुमका हा पुजारी असतो. गावदेवाची पूजा, पेरणीपूर्वीचा विधी आणि रोगराईच्या वेळचा उतारा त्याच्याकडे असतो. निहाल घरेही या व्यवस्थेत सामील असतात. होळी हा सातपुड्यातील आदिवासींचा सर्वांत मोठा सण. तेव्हा कामाला बाहेर गेलेली माणसे गावी परततात आणि काही दिवस नाचगाण्यात व फगवा मागण्यात जातात.

रसेल आणि हिरालाल यांनी नोंदवलेली एक प्रथा निहालांच्या जंगलाशी असलेल्या नात्यावर प्रकाश टाकते. चैत्रात झारखंडी नावाच्या वनदेवाची पूजा होई. ती होईपर्यंत पळस, आवळा आणि आंबा यांची नवी पाने-फळे वापरायची नाहीत, असा दंडक होता. पूजेच्या दिवशी या झाडांच्या डहाळ्या आणून त्यांना शिजवलेले अन्न वाहत आणि मग नव्या पालवीचा वापर सुरू होई. कोवळे पान आणि कच्चे फळ वेळेआधी ओरबाडले जाऊ नये, याची तजवीज या नेमातून आपोआप होत असे. प्राण्यांच्या आणि वनस्पतींच्या नावांवरून पडलेल्या कुळींची नोंदही याच ग्रंथात आहे. एका कुळीत लग्न होत नसे.

भाषेचा शोध

निहालीची पहिली महत्त्वाची छाननी ग्रिअर्सन यांच्या ‘लिंग्विस्टिक सर्व्हे ऑफ इंडिया’च्या चौथ्या खंडात झाली. मुंडा (ऑस्ट्रोआशियाई कुळातील एक गट) आणि द्राविडी भाषांचा हा खंड १९०६ मध्ये स्टेन कोनॉव यांनी सिद्ध केला. त्यांनी निहालीला मुंडा गटात, कोरकूच्या जवळ ठेवले आणि तिच्यावर द्राविडी व आर्य भाषांचा मोठा प्रभाव असल्याचे म्हटले. १९४० मध्ये रॉबर्ट शेफर यांनी या नोंदींचा पुन्हा अभ्यास केला. सुधीभूषण भट्टाचार्य यांनी प्रत्यक्ष निहाली भाषकांकडून माहिती मिळवून १९५७ मध्ये ती प्रसिद्ध केली, तेव्हा अभ्यासकांना नवी आणि अधिक भरवशाची सामग्री मिळाली.

डच भाषापंडित कायपर यांचा निहालीवरचा तौलनिक ग्रंथ १९६२ साली ॲम्स्टरडॅमहून निघाला. त्यांनी शब्दसंग्रह थराथराने उलगडला. कोरकूचा थर सर्वांत मोठा निघाला. त्याखाली द्राविडी शब्द आणि आर्य भाषांतून आलेले शब्द होते. हे सगळे बाजूला काढल्यावरही सुमारे एक चतुर्थांश शब्द उरले आणि त्यांचा कोणत्याही शेजारी भाषेशी मेळ बसेना. हा उरलेला भाग मुंडा आणि द्राविडी भाषा इथे पसरण्यापूर्वीच्या एखाद्या भाषेचा अवशेष असावा, अशी शक्यता त्यातून पुढे आली. निहालांनी इतरांना कळू नये म्हणून मुद्दाम घडवलेल्या गुप्त बोलीचा अंश त्यात असेल का, हा प्रश्नही कायपर यांनी उपस्थित केला.

पुढच्या काळात आशा मुंडले यांनी निहालीचा शब्दसंग्रह आणि समाजाची माहिती गोळा केली. ती १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली. म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थेने २०१४ मध्ये के. एस. नागराज यांचे निहालीचे व्याकरण, पाठ आणि शब्दसंग्रह प्रकाशित केले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये प्राध्यापक असताना शैलेंद्र मोहन यांनी जळगाव जामोदच्या परिसरातील गावांत निहालीचे दस्तऐवजीकरण केले. निहालीचे नाते कुसुंदाशी आणि अगदी जपानमधल्या ऐनूशी जोडण्याचे प्रयत्नही झाले, पण थोड्याशा शब्दसाम्यावर उभ्या असलेल्या या मतांना मान्यता मिळालेली नाही.

थर कसे ओळखतात

भाषांचे नाते ठरवताना अभ्यासक आधी सहसा उसने न घेतले जाणारे शब्द पाहतात : शरीराचे अवयव, पाणी, आग, घर, लहान संख्या. कोरकूत डोळ्याला ‘मेड’, पाण्याला ‘डा’ आणि घराला ‘उरा’ म्हणतात. झारखंडकडच्या संथाळीत याच गोष्टींना ‘मेत्’, ‘दाक्’ आणि ‘ओडाक्’ म्हणतात. मधे शेकडो किलोमीटरचे अंतर असूनही दोन्ही भाषा एका घरच्या आहेत, हे यावरून सहज कळते. कोरकू ही मुंडा भाषांपैकी सर्वांत पश्चिमेची.

निहालीत डोळ्याला ‘जिकी’, पाण्याला ‘जोप्पो’ आणि घराला ‘आवार’ म्हणतात. आगीला ‘आपो’, नाकाला ‘चोन’, रक्ताला ‘चोर्टो’ आणि अंड्याला ‘कल्लेन’ हे शब्द आहेत. रोजच्या शेजारातल्या कोरकूशी यांचे काहीच जुळत नाही, आणि मराठी, हिंदी किंवा गोंडी यांच्याशीही नाही. भाषेचा आतला गाभा वेगळा आहे, या म्हणण्याला मुख्य आधार अशा शब्दांचा आहे.

आकड्यांत हे थर एका ओळीत दिसतात. एकाला ‘बिडुम’ म्हणतात. हा शब्द निहालीचा स्वतःचा आहे. दोन, तीन आणि चार यांसाठीचे ‘इरार’, ‘मोठो’ आणि ‘नालो’ हे शब्द द्राविडी वळणाचे आहेत. कन्नडमधील ‘एरडू’ आणि ‘नाल्कू’ शेजारी ठेवले की साम्य लक्षात येते. पाचपासून पुढची मोजणी आर्य भाषांकडून आलेली आहे. कुत्र्यासाठीचा ‘नाय’ हा शब्दही द्राविडी आहे. गोंडी ही द्राविडी भाषा सातपुड्यातच, पूर्वेकडे बोलली जाते, त्यामुळे द्राविडी भाषकांशी संपर्क येणे स्वाभाविक होते. पण आज निहालांच्या गावांलगत द्राविडी भाषा बोलली जात नाही. म्हणजे हा थर जुन्या शेजाराचा पुरावा ठरतो.

वाक्यरचनेत मात्र निहाली परकी वाटत नाही. आधी कर्ता, मग कर्म आणि शेवटी क्रियापद हा क्रम मराठी, कोरकू आणि गोंडी या तिन्हींत आहे, तोच निहालीत आहे. विभक्तीचे प्रत्यय नामाला मागून लागतात. प्रत्ययांपैकी बरेच कोरकूच्या प्रभावाखाली घडलेले आहेत. अनेक शतके दोन-तीन भाषा एकाच तोंडी राहिल्या की त्यांची रचना एकमेकींच्या जवळ येते. शब्दांचा गाभा तेवढा उशिरा हलतो. कोनॉव यांना निहाली कोरकूची नातेवाईक वाटली, त्याचे कारण या रचनेच्या साम्यातच आहे.

घरची भाषा, बाहेरची भाषा

केवळ निहाली येणारा माणूस आज मिळत नाही. शेजारच्या कोरकूशी कोरकूत, जामोदच्या बाजारात वऱ्हाडी मराठीत आणि डोंगरापलीकडच्या व्यापाऱ्याशी हिंदीत बोलणे भागच असते. उलट कोरकूंना किंवा मराठी शेतकऱ्यांना निहाली शिकण्याची गरज कधीच पडली नाही. एकतर्फी बहुभाषिकतेचा परिणाम दुहेरी झाला. बाहेरचे शब्द निहालीत सतत येत राहिले. आणि भाषा इतर कोणालाच समजत नसल्याने ती आपापसात बोलण्याचे सुरक्षित साधनही झाली. बाहेरच्या माणसासमोर निहाली बोलायला लोक संकोचतात, हा अनुभव अनेक अभ्यासकांना आला. उतरंडीत खाली लेखल्या गेलेल्या समाजाला स्वतःची वेगळी बोली मिरवण्यात लाभ नव्हता, पण घरात ती टिकवण्यात होता. मोठ्या भाषांच्या गराड्यात निहाली इतका काळ तगली, त्याचे मोठे कारण हे असावे.

आजची स्थिती

जनगणनेच्या प्रकाशित भाषा-तक्त्यांत १९७१ पासून देशभरात १०,००० पेक्षा कमी भाषक असलेल्या भाषा स्वतंत्र दाखवल्या जात नाहीत. २०११ च्या जनगणनेत कोरकूचे सव्वासात लाखांहून अधिक भाषक दिसतात. निहालीचा आकडा त्यात मिळत नाही. जमातीच्या यादीत कोरकूंखाली आणि भाषांच्या यादीत अदृश्य, अशी तिची दुहेरी अडचण आहे. युनेस्कोने मात्र धोक्यातील भाषांच्या नकाशात तिची नोंद घेतली आहे.

भारतीय भाषा संस्थेमार्फत २०१३ मध्ये धोक्यातील भाषांच्या जतनाची योजना सुरू झाली. दहा हजारांहून कमी भाषक असलेल्या भाषांचे व्याकरण, द्विभाषिक किंवा त्रिभाषिक शब्दकोश आणि लोकसाहित्याचे ध्वनिमुद्रण हे तिचे काम. गणेश देवी यांच्या पुढाकाराने झालेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्र खंड अरुण जाखडे यांनी संपादित केला. त्यामुळे राज्यातील लहान भाषांची माहिती मराठी वाचकाला मराठीतच मिळू लागली.

दस्तऐवजाने भाषेची नोंद राहते. ती बोलली जाण्यासाठी वेगळ्या गोष्टी लागतात. शाळा आणि आश्रमशाळा मराठीत चालतात, मजुरीच्या गावी मराठी किंवा हिंदी लागते, आणि मोबाइलवर येणारे सगळे या दोन भाषांतच असते. मूल वर्षातले बरेच महिने घराबाहेर राहिले की मोह वेचताना, मासे धरताना किंवा होळीच्या रात्री कानावर पडणारी निहाली त्याच्यापर्यंत कमी पोहोचते. झाडे, पक्षी, कंद आणि वाटा यांची नावे सर्वांत आधी गळतात, कारण ती शिकण्याची जागा जंगल हीच आहे. म्हणून वनहक्काची अंमलबजावणी आणि गावाजवळ मिळणारे काम यांचा निहालीच्या भवितव्याशी थेट संबंध आहे. त्याच्या जोडीला पहिल्या दोन इयत्तांत मुलांची घरची भाषा समजणारा स्थानिक सहायक असेल आणि निहाल हे नाव कोरकूंच्या आकड्यापासून वेगळे मोजले जाईल, तर या भाषेसाठी आखलेल्या योजना ती बोलणाऱ्यांपर्यंत पोहोचण्याची वाट सुकर होईल.